नळावरचे चार गुंड : दोन ओळींच्या एका तक्रारअर्जाचा अभ्यास

अर्ज दोनच ओळींचा : ‘गैरअर्जदार हिने नळावर चार गुंड आणून उभे केले व अर्जदार हिची गुंडी ओढली. तरी योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती.’

पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? चार दांडगट पुरुष, मधे एकटी बाई आणि तिच्या पोलक्याचं ओढलेलं बटण. अमरावती किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातल्या बाईला हेच वाक्य ऐकवा, तिला पाण्याची चार भांडी दिसतील आणि रांगेतून ओढून काढलेलं पाचवं, लहान भांडं. गुन्हा कोणता नोंदवायचा, चौकशी किती दूर न्यायची आणि दोन घरांमधलं बोलणं किती वर्षं बंद राहायचं, हे सगळं या फरकावर ठरतं.

(प्रकरण नमुन्याचं आहे. त्यातली माणसं आणि प्रसंग कल्पित आहेत. शब्दांचा, इतिहासाचा आणि कायद्याचा तपशील खरा आहे.)

काय घडलं

मे महिना. गावात नळ दिवसाआड येतात, तेही जेमतेम पाऊण तास. सार्वजनिक नळ एकच, त्यामुळे बाया पहाटेच आपापली भांडी रांगेत लावून घरी जातात. रांग माणसांची नसते, भांड्यांची असते. ज्याचं भांडं पुढे त्याचा नंबर आधी. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडला की भांडण ठरलेलं.

एका बाईनं एक गुंड आणि त्याच्यामागे एक गुंडी लावली आणि ती भाकरी टाकायला घरी गेली. शेजारीण आली ती चार गुंड घेऊन. घरी पाहुणे होते, पाणी जास्त लागणार होतं. तिनं आपले चार गुंड पुढे सरकवले आणि मधे येणारी गुंडी ओढून बाजूला टाकली. गुंडी ओट्यावरून खाली गेली, काठाला पोचा पडला. पहिली बाई परत आली, शब्दाला शब्द वाढला. हात कुणी कुणावर उचलला नाही.

घरी येऊन तिनं पुतण्याला सांगितलं ते असं : ‘तिनं चार गुंड आनले, नळावर लावले अन् माही गुंडी ओढून फेकली. मले काई बोलूच देल्लं नाई.’

पुतण्या बारावी झालेला. अर्ज लिहायचा म्हणजे शुद्ध लिहायचं, एवढं शाळेनं त्याच्या मनावर चांगलंच बिंबवलेलं. ‘आनले’चं त्यानं ‘आणून’ केलं. ‘लावले’ हे त्याला फार घरगुती वाटलं, म्हणून ‘उभे केले’. ‘फेकली’ आधीच्या ‘ओढून’मध्ये आलंच, असं समजून गाळलं. ‘माही’च्या जागी ‘अर्जदार हिची’ आलं. एकही शब्द खोटा नाही, आणि सबंध अर्ज मात्र भलताच झाला.

ठाण्यावरचे अंमलदार देशावरचे, बदलीवर आलेले. अर्ज वाचून ते हादरले, आणि त्यात त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

या वाचनातून कायद्याची कोणती कलमं उभी राहतात

भारतीय न्याय संहितेच्या कलम 189 प्रमाणे बेकायदा जमाव व्हायला निदान 5 माणसं लागतात. चार गुंड आणि त्यांना आणणारी बाई, झाले पाच. त्यांनी बळ वापरलं असं दिसलं की कलम 191, दंगा. ‘गुंडी ओढली’ यातून कलम 74, स्त्रीचा विनयभंग. शिक्षा 1 ते 5 वर्षं. गुन्हा दखलपात्र, आणि अशी माहिती खुद्द त्या स्त्रीकडून मिळत असेल तर ती महिला अधिकाऱ्यानंच नोंदवून घ्यायची.

भांड्यांच्या वाचनातून काय उरतं? फार तर कलम 324, मालाचं किरकोळ नुकसान. तेही अदखलपात्र. वहीत नोंद करायची आणि तक्रारदाराला न्यायालयाचा रस्ता दाखवायचा. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपाससुद्धा करता येत नाही.

इथं एक बारीक फट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची तोंडी माहिती अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची आणि ती माहिती देणाऱ्याला वाचून दाखवायची असते. बाई तोंडी सांगायला गेली असती तर तिच्या कानावर ‘उभे केले’ पडलं असतं आणि ती तिथंच म्हणाली असती, ‘उभे नाई साहेब, लावले.’ पण ती लिहिलेला अर्ज घेऊन गेली. लेखी अर्जावर सही असली की काम भागतं, तो मोठ्यानं वाचायची वेळच येत नाही. कागद पक्का असावा म्हणून घरून लिहून नेला, आणि नेमकी तीच गोष्ट नडली.

विदर्भातला गुंड

गोल पोटाचं, आखूड गळ्याचं, बाहेर वळलेल्या काठाचं पाण्याचं भांडं म्हणजे गुंड. पितळेचा, तांब्याचा, आता बहुतेक स्टीलचा. त्याच घाटाचं लहान भांडं म्हणजे गुंडी. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर गुंड, गुंडावर गुंडी, ही विहिरीवरून येणाऱ्या बाईची जुनी रचना. गुंडात साधारण 10 ते 15 लिटर पाणी मावतं. लिटरला किलो धरा, त्यात भांड्याचं वजन घाला, म्हणजे मानेवर काय येतं ते कळेल. पितळेच्या भांड्यांसाठी भंडारा प्रसिद्ध, आणि लग्नाच्या आंदणात पितळी गुंड असणं ही ऐपतीची खूण. काठाखाली टाक्यानं नाव घातलेलं असतं, नळावर भांडी बदलू नयेत म्हणून. आपल्या प्रकरणातल्या गुंडीवरही नाव होतं. पुढे ते उपयोगी पडलं.

माणसातल्या गुंडाला मात्र विदर्भाच्या बोलीत बहुतेक करून हिंदी वळणाचं रूप आहे : गुंडा, अनेकवचनी गुंडे. ‘दोन गुंडे आलते’, ‘गुंडागर्दी करू रायला’. म्हणजे बोलीनं आपला घोटाळा आपणच मिटवून टाकला आहे. भांडं तो गुंड, माणूस तो गुंडा. प्रमाण मराठीत मात्र माणूस हाच गुंड, आणि भांड्याला तिथं कळशी, घागर किंवा हंडा. घोटाळा बोलीत नाहीच. बोलीतून प्रमाण भाषेत जाताना तो वाटेत होतो.

व्याकरण कुठवर साथ देतं

जबाब लिहिणाऱ्याला चार खुणा तपासता येतात, आणि त्यांतल्या तीन दगा देतात.

पहिली, संख्या. माणसं मोजायला मराठीत वेगळे शब्द आहेत : दोघं, तिघं, चौघं. भांडी ‘चौघं’ कधीच होत नाहीत. बाई ‘चार गुंड’ म्हणाली हा भांड्याच्या बाजूचा पुरावा. पण पक्का नाही, कारण ‘चार माणसं’ही आपण सहज म्हणतो.

दुसरी, प्रत्यय. सजीव कर्माला ‘ला’ लागतो, वऱ्हाडीत ‘ले’. ‘गुंडायले आनलं’ म्हटलं तर माणसं नक्की. ‘गुंड आनले’ म्हटलं तर भांड्यांकडे झुकतं. इथंही पळवाट आहे : कर्म अनिश्चित आणि संख्येसकट असेल तर माणसांचाही प्रत्यय गळतो, ‘चार मजूर आणले’. या प्रकरणातलं वाक्य नेमकं त्या पळवाटेत सापडलं.

तिसरी खूण क्रियापदाची, आणि ती सहसा फसत नाही. गुंड भरतात, लावतात, उचलतात, घासतात, विसळतात, पालथा घालतात. माणूस येतो, उभा राहतो, धमकावतो. तोंडी जबाबात ‘लावले’ होतं. पुतण्यानं ‘उभे केले’ लिहिलं आणि सगळ्यात भरवशाची खूणच पुसली गेली.

चौथी, जोडीदार शब्द. गुंडाशेजारी गुंडी, चुंबळ, नळ, नंबर आले की भांडं. पण ‘गुंडी’ स्वतःच दुअर्थी. देशावर गुंडी म्हणजे सदऱ्याचं, पोलक्याचं बटण. जिनं अर्थ सोडवायचा तिनंच तो जास्त बिघडवला.

दगडापासून दांडगटापर्यंत

हे सगळे शब्द एकाच गोल कुटुंबातले. कन्नड-तेलुगूत ‘गुंडु’ म्हणजे गोल दगड, गोळा. मराठीत गुंडा म्हणजे गोटा, गुंडाळणं म्हणजे गोल करणं, गुंडी म्हणजे गोल बटण किंवा गोल भांडं. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावरून पाखरं हाकायला गोफण लागते, आणि गोफणीत जो दगड घालतात तोही गुंडाच. गोफणगुंडा हा जोडशब्द शेतातला आहे तसाच किल्ल्यावरचाही. तोफा-बंदुका कमी असलेल्या शिबंदीचं ते हत्यार होतं. दगड बेताचा, मुठीत मावणारा आणि गोल हवा. कंगोरे असले की तो हवेत भरकटतो.

दगडाचं नाव माणसाला देण्यात आपल्याकडे कमीपणा कधीच नव्हता. दगडू, धोंडू, धोंडिबा यांच्याच पंगतीतले गुंडू, गुंडो, गुंडोपंत, दक्षिणेत गुंडाप्पा. आणि विदर्भाला तर यातलं सगळ्यांत मोठं नाव घरचंच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे श्रीगोविंदप्रभू, चक्रधरस्वामींचे गुरू, महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी एक, यांना लोक गुंडम राऊळ म्हणत. हा काळ 13 व्या शतकाचा. ‘राउळ माये, राउळ बापु’ म्हणून अख्खं गाव ज्याच्या अंगणात यायचं, त्या पुरुषाच्या नावात हा शब्द होता आणि तो कुणाला खटकत नव्हता. आज मराठी भाषेचं विद्यापीठही त्याच रिद्धपुरात आहे, हा योगही बरा जुळला.

मग दांडगटाला तेव्हा काय म्हणत? पुंड. जुन्या मराठी कागदांत पुंड, पुंडाई, पुंडावा हे शब्द येतात, आणि त्यांत सत्तेला न जुमानणारा स्थानिक बलदंड असा अर्थ असतो. लूट करणारा तो पेंढारी. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखानं त्यांचा जाच सोसला आणि 1817-18 च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांच्या टोळ्या मोडल्या. पेंढारी गेले, शब्द शिवीसारखा उरला. मवाली आला अरबीतून. ‘मवाली’ हे मूळ ‘मौला’चं अनेकवचन आणि अर्थ आश्रित, पदरचा माणूस. पदरच्या माणसांचं पुढे काय होतं, हे ज्यानं एखाद्या पुढाऱ्याचा वाडा पाहिला आहे त्याला सांगायला नको.

दगडापासून ‘अंगानं गोटीबंद, कशाला न भिणारा’ माणूस फार लांब नाही. उत्तरेत तर गुंडा या शब्दाला एके काळी बांकेपणाचीही छटा होती. जयशंकर प्रसादांच्या ‘गुंडा’ या हिंदी कथेचा नायक 1781 च्या काशीतला आहे, आणि तो दुबळ्यांना छळत नाही, राजघराण्यासाठी लढून मरतो. आज हे शीर्षक वाचून कुणी तशी अपेक्षा करणार नाही.

दोन व्युत्पत्ती गावोगाव सांगितल्या जातात, त्या इथंच बाजूला ठेवलेल्या बऱ्या. एक म्हणजे इंग्रजी ‘गून’वरून गुंडा. इंग्रजीतला तो शब्द अमेरिकेतला असून 1930 च्या दशकात तिथल्या चित्रमालिकेमुळे लोकांच्या तोंडी बसला. आपला शब्द त्याच्या आधीच इथल्या कायद्यात होता. दुसरी गडचिरोलीकडे जास्त ऐकू येते : 1910 च्या बस्तरच्या भूमकालाचे (आदिवासींच्या उठावाचे) नायक, नेतानार गावचे गुंडाधूर यांच्या नावावरून इंग्रजांनी हा शब्द शिवी म्हणून घडवला. त्यामागची चीड समजते. पण नेतानारचं हे नाव 13 वर्षांत कलकत्त्याच्या पोलिसांच्या तोंडी कोणत्या वाटेनं पोचलं, हे दाखवल्याशिवाय नुसत्या नावाच्या साम्यावर विसंबता येत नाही. गुंडाधूर हे नावही त्याच दगडाच्या कुळातलं असावं, हे जास्त पटतं.

कायद्यानं शब्द उचलला आणि टाकलाही

1923 साली बंगालात गुंडा कायदा झाला, कलकत्त्यातून माणसं हद्दपार करायला. व्याख्या एका ओळीची, आणि तीही दुसऱ्या दोन ढगळ शब्दांच्या आधारानं : गुंड यात हुल्लडबाज किंवा इतर दांडगट यांचा समावेश होतो.

विदर्भाला जवळचा आहे तो 1946 चा कायदा, मध्य प्रांत व वऱ्हाड गुंडा अधिनियम. प्रांताची राजधानी नागपूर, म्हणजे हा कायदा आपल्याच मातीतला. त्यात गुंड म्हणजे हुल्लडबाज, दांडगट किंवा भटक्या, आणि सार्वजनिक शांततेला धोकादायक असलेली व्यक्तीही त्यात धरायची. अशा माणसाच्या हालचालींवर जिल्हा दंडाधिकाऱ्याला बंधनं घालता येत. पुढच्या दुरुस्तीनं त्याला हद्दीबाहेरही काढता येऊ लागलं.

1960 साली हा कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि पडला. निकाल लिहिला न्यायमूर्ती प्रल्हाद गजेंद्रगडकरांनी. साताऱ्याचे, संस्कृत पंडितांच्या घरातले, पुढे भारताचे सरन्यायाधीश. आक्षेपाचा गाभा भाषेचाच होता. व्याख्या इतकी सैल की गुंड कोण हे ठरवायची कसोटीच कायद्यात नाही. समोरचा माणूस खरोखर गुंड आहे का हे आधी ठरवावं असं बंधन दंडाधिकाऱ्यावर नाही, आणि ‘मी गुंड नाही’ हे दाखवायची नीट संधी त्या माणसाला नाही. ज्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ‘माहीतच आहे’ असं वाटतं, तो लिहून काढायची वेळ आली की अशीच भंबेरी उडते.

महाराष्ट्राच्या आजच्या कायद्यांनी या शब्दाच्या वाटेला जायचं टाळलेलं दिसतं. तडीपारी होते ती 1951 च्या पोलीस अधिनियमाच्या कलम 55 ते 57 खाली, जास्तीत जास्त 2 वर्षांसाठी. स्थानबद्धता होते 1981 च्या कायद्याखाली, जास्तीत जास्त 12 महिने, आणि तिथं शब्द आहे ‘धोकादायक व्यक्ती’. लोकांच्या तोंडी मात्र तो ‘झोपडपट्टी दादा कायदा’. तमिळनाडूच्या 1982 च्या कायद्यात ‘गुंडा’ शब्द राहिला, आणि लोकांच्या तोंडी त्या कायद्याचं नावही तेच आहे.

वर्तमानपत्रांत आणि पोलिसांच्या कागदांत ‘गुंड प्रवृत्तीचा इसम’ मात्र जोमात आहे. त्याला कायद्यात काही वजन नाही. अर्जात हा शब्द घातल्यानं तक्रार जड होते, ही समजूत तालुक्याच्या ठिकाणी अर्ज लिहून देणाऱ्यांनी वाढवलेली आहे. वजन येतं ते कृतीला : कोण आला, किती वाजता, हातात काय होतं, काय बोलला, कुणी पाहिलं. ‘गुंडांनी दहशत माजवली’ या वाक्यातून तपास अधिकाऱ्याला एकही प्रश्न विचारता येत नाही. ‘सरपंचाच्या ट्रॅक्टरवरून तिघं आले, एकाजवळ उभारी (बैलगाडीचा दांडा) होती’ यातून दहा विचारता येतात.

गाठ सुटली ती कशी

कारवाईसाठी गावात आलेल्या महिला अंमलदार वर्धा जिल्ह्यातल्या होत्या. अर्ज त्यांनी अंगणात मोठ्यानं वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीला थांबल्या.

‘काकू, गुंड म्हंजे कोन? मानसं का भांडे?’

‘मानसं कायची वं माय? नळावर मानसाचं काय काम हाये? गुंड म्हंजे गुंड. पान्याचे.’

‘अन् गुंडी?’

काकूंनी आत जाऊन गुंडी आणून पुढ्यात ठेवली. काठाखाली नाव, आणि नावाच्या वर अंगठ्याएवढा पोचा.

इथं एक खबरदारी घेतली गेली, ती महत्त्वाची. आधीचा अर्ज खोडला नाही, त्यावर गिरवागिरव केली नाही. खोडलेला शब्द पुढे ‘दबावाखाली बदलला’ म्हणून उलटतो. अर्ज तसाच ठेवून त्याखाली नवा पुरवणी जबाब घेतला गेला. बाईचे शब्द अवतरणात जसेच्या तसे, आणि प्रत्येक बोली शब्दापुढे त्याचा अर्थ. नंतर तो वाचून दाखवला गेला, शेजारणीच्याही देखत. शेजारीण ‘गुंडी म्या सरकवली, पडली ते खरं हाये’ एवढं म्हणाली. तेही लिहिलं.

पुरवणी जबाबाची शेवटची ओळ अशी : ‘सदर गुंडी (पाणी भरण्याचे लहान पितळी भांडे) पाहिली. काठाजवळ पोचा आहे. पाणी भरून पाहिले, गळत नाही.’